हाक आणि खरखर

आपांनी माझ्या हातातला माईक ओढून घेतला आणि तोंडाला लावून ते ओरडले, "भगवती, भगवती, भगवती. दाजी, आयकतंस काय रे?"

बटण सोडल्याबरोबर सेटमधून कुणीतरी बोललं, की आम्ही खाडीच्या तोंडाशी आहोत, भगवती आमच्या दृष्टीस पडलेली नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी बोट मध्ये घुसली. मग तिसरी. तिसरीवरचा माणूस तर भगवतीलाच हाका मारत सुटला होता. आपांनी पुन्हा बटण दाबलं आणि त्याच्या हाकेवर आपली हाक चढवली.

"आपा, जरा थांबा," मी म्हटलं.

"थांबान काय करू, ता सांग."

 सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्चीत बसत होते, उठत होते, पेनचं टोपण चावून चावून पार चपटं करून टाकलं होतं. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं आणि काय चुकतंय ते हाताला लागत नव्हतं. अशा वेळी मी फार चिडते. त्या दिवशी मी आपांवर चिडले, सेटवर चिडले, दारात घोळका करून उभ्या असलेल्या लोकांवर चिडले. सगळ्यांत जास्त चिडले ती गुरूवर, कारण तो माझा धाकटा भाऊ होता आणि भगवती बोटीवर होता.

आमचं कातळबंदर म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरचं एक चिमुकलं बंदर. नकाशात शोधायला गेलात तर सापडणार नाही. मच्छीमार सोसायटीची दोन खोल्यांची इमारत जेटीला लागूनच होती, आणि समुद्राकडच्या खोलीत वायरलेसचा सेट होता. मी तिथली ऑपरेटर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली वाडीतली एकमेव मुलगी म्हणून सोसायटीने मला मोठ्या कौतुकाने घेतलं होतं. कम्युनिकेशन हा विषय माझा दोनदा राहिला होता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आपा मोंडकर सोसायटीचे चेअरमन, आणि भगवती त्यांचीच. तिच्यावर चार माणसं. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, दाजी खवणेकर. इंजिनावर आमचा गुरू. आणि कारवारकडचे दोन खलाशी, गंगाधर आणि हुसेन. दिवाळी नुकतीच झालेली. वादळाची सूचना आली तशा सगळ्या बोटी एकेक करून आत आल्या, भगवती तेवढी मागे राहिली. आदल्या संध्याकाळी दाजी सेटवर बोलले होते, इंजिन तापतंय, हळूहळू येतो म्हणाले. त्यानंतर वारा सुटला तो पहाटेपर्यंत. सकाळी वादळ वर गुजरातच्या अंगाला निघून गेलं होतं, पण समुद्र अजून उसळत होता आणि भगवतीचा पत्ता नव्हता. सरकारी गस्तीच्या बोटीला आम्ही कळवलं. त्यांनी विचारलं, जागा कुठली? तेच तर आमच्याकडे नव्हतं. नुसतं पश्चिमेला म्हणून एवढ्या दर्यात ते शोधणार कुठे, आणि लाकडी बोट फुटली असेल तर ती तरंगणार किती वेळ?

खोलीत माझी आई होती आणि दाजींची बायको जानकीकाकी होती. दोघी सेटसमोर जमिनीवर बसल्या होत्या. आपा दमले की माईक काकींकडे जायचा, काकी दमल्या की आईकडे.

याला आमच्या वाडीत हाक जागती ठेवणं म्हणतात. बोट वेळेवर आली नाही की तांडेलाची बायको धक्क्यावर जाऊन नवऱ्याच्या नावाने हाक मारते. एरवी आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. काकी दाजींना आयुष्यभर 'हे' आणि 'ह्यांका' म्हणायच्या, पण त्या दिवशी "आत्मारामाऽ" म्हणून खुशाल हाक मारत होत्या. पहिली हाक तांडेलाच्या बायकोची. मग बाकीच्या आळीपाळीने तिला साथ देतात. बोट दिसेपर्यंत हाक तुटू द्यायची नाही. तुटली तर तिकडच्या माणसाचा धीर सुटतो म्हणे. थांबवायची झाली तर ती तांडेलाच्या बायकोनेच, आणि ती थांबवते ती बांगड्या उतरवायची वेळ आली म्हणजेच. वायरलेस आला तशी हाक धक्क्यावरून आमच्या खोलीत आली, इतकाच काय तो फरक. आणि वाडीतल्या, शेजारच्या बंदरांतल्या सगळ्या बोटींनी सेट लावून तीच हाक धरली होती. माणुसकीने धरली होती, त्यात वाद नाही.

आईने माईक घेतला. "गुरू, बाबा, मी तुझी आई. खय आसंस तू?" तिचा आवाज बसला होता. बटण सोडलं तसा सेट पुन्हा बाजारासारखा गजबजला.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमचे सेट एफएमचे. त्यांना एक खोड आहे. जुन्या रेडिओवर रात्री दोन स्टेशनं एकमेकांत मिसळून जायची, एकाच्या बातम्यांत दुसऱ्याची गाणी. एफएममध्ये तसं होत नाही. एकाच चॅनेलवर दोघे बोलायला लागले तर जो जोरकस तोच ऐकू येतो. दुबळा त्याच्याखाली असा दाबला जातो की तो होता हेसुद्धा कळत नाही. आमच्या बोटी जवळ होत्या, जोरात होत्या. भगवती दूर होती. ती बोलत असली तरी तिच्या डोक्यावर सगळा किनारा बसला होता.

मी सेटकडे गेले आणि एका कोपऱ्यातलं छोटं बटण फिरवून पार मोकळं केलं. हे बटण खरखर दाबायचं. कुणी बोलत नसताना सेट जी खरखर करतो ती ऐकून आपांचं डोकं उठायचं, म्हणून ते नेहमी घट्ट पिळून ठेवलेलं असे. घट्ट असलं की खोलीत शांतता असते, पण खरखरीबरोबर बारीकसारीक आवाजही दाराबाहेरच राहतात.

"गे, ता बंद कर," आपा खेकसले. "आधीच काय आयकाक येणा नाय."

मी त्यांना समजावून सांगायला लागले आणि सगळी गडबड करून टाकली. घाईत मला धड समजावता कधीच आलं नाही. एवढंच निघालं तोंडातून, की आपण सगळ्यांनी बोलायचं थांबवायला पाहिजे. इथल्यांनी, बोटींवरच्यांनी, सगळ्यांनी सेट नुसते उघडे ठेवायचे, बटणाला हात लावायचा नाही.

आई उठून उभी राहिली.

"हाक थांबवूक सांगतंस? सख्ख्या भावाची?"

"थांबवूक नाय गे, आयकूक सांगतंय. आपण बोलत ऱ्हवलो तर तेंचा आयकाक येतला कसा?"

"गप ऱ्हवतत ती मेलेल्याच्या घरात," आई म्हणाली.

दारातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं की शिकली म्हणून वाडीला अक्कल शिकवायला लागली. आपा माझ्यावर धावून आले नाहीत एवढंच, पण म्हणाले की तुझं पुस्तक पाण्यात चालत नाही, पाण्यात माणसाला माणसाचा आवाज लागतो. मी वादाला वाद घालत गेले. पण मी सांगत होते ते चुकीचं निघालं, आणि गुरू तिकडे आमच्या हाकेवरच तग धरून असला, तर? हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

काकी अजून बसूनच होत्या. त्यांनी खाली बसल्याबसल्या विचारलं, "हेमू, तुका नक्की म्हायत आसा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. होय म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण काकींशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. लहानपणी आमच्या घरी चूल पेटली नाही की मी त्यांच्याकडे जेवायला जात असे.

"नाय काकी. नक्की नाय."

"मग कित्या सांगतंस?"

"ह्या सोडून माका दुसरा काय सुचणा नाय."

 काकी गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बरा. मी थांबतंय," त्या म्हणाल्या, आणि आईच्या हातातला माईक काढून माझ्या हातात दिला.

 वाडीच्या आठवणीत नवऱ्याचं प्रेत बघितल्याशिवाय हाक थांबवणारी ही पहिलीच बाई. पण तांडेलाच्या बायकोने थांबवल्यावर दुसऱ्या कुणाला हाक मारायचा हक्क उरत नाही, आईलासुद्धा नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं, की पुढे बरीच वर्षं मला ती नजर आठवत राहिली. मग तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि खाली बसली.

काकी स्वतः धक्क्यावर गेल्या आणि नांगरलेल्या बोटींवरच्या माणसांना सांगून आल्या. लांबच्यांना मी सेटवरून सांगितलं. तो एक तमाशाच झाला. "सगळ्यांनी गप राहा" म्हटलं की प्रत्येक जण "गप राहतो" हे सांगायला बटण दाबायचा. एकाने तर का गप राहायचं यावर भाषण सुरू केलं. शेवटी मी अद्वातद्वा बोलले, चेअरमनसमोर, आईसमोर. मग एकेक करत चॅनेल रिकामं झालं.

आणि खोलीत नुसती खरखर उरली.

कढईत पापडामागून पापड टाकत राहावेत तशी ती खरखर. आपण ती कायम बंद ठेवतो म्हणून आपल्याला वाटतं की ती कधीतरीच होते. ती सतत चालू असते. विजेची, उन्हाची, सेटच्या स्वतःच्या तारांची, कुठकुठली. ती ऐकत बसणं म्हणजे शिक्षा होती. त्या खरखरीत मला गुरूचा आवाज दहा वेळा ऐकू आला आणि दहाही वेळा तो नव्हता. आपा येरझाऱ्या घालत होते, मी त्यांना एकदा बसा म्हणून ओरडले आणि मग स्वतःच येरझाऱ्या घालायला लागले.  दारातली माणसं एक एक करून पांगली. काकी सेटकडे न बघता भिंतीला टेकून बसल्या होत्या.

किती वेळ गेला, माहीत नाही. मला वाटतं मी हार मानायच्या बेतात होते. माईककडे हात गेलाही होता. एवढ्यात खरखर गेली.

पापणी लवावी इतकाच वेळ. गेली आणि परत आली.

"सेट गेलो आता," आपा म्हणाले.

पुन्हा गेली. या वेळी जरा जास्त. आवाज नाही, शब्द नाही, श्वाससुद्धा नाही. नुसती गच्च शांतता, आणि मग परत पापड.

 धुरीसर आम्हाला शिकवताना सांगायचे, माणसाचा आवाज स्वतःच्या पायाने लांब जात नाही, त्याला एका लहरीवर चढवून पाठवावं लागतं. ती वाहक लहर म्हणजे हातगाडी, आवाज म्हणजे त्यावरची टोपली. टोपलीतला माल जसा कमीजास्त होतो तशी गाडीची चाल बदलते, आणि पलीकडचा सेट ती चाल बघून माल ओळखतो. तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं होतं, गाडी रिकामीच आली तर पलीकडे काय कळेल? मी म्हणाले, काहीच नाही. त्यांनी मला नापास केलं. मग प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं, की एफएमच्या सेटवर रिकामी लहर आली तरी ती खरखरीला गप्प करते. कुणी काही बोललेलं नसतं. पण कुणीतरी आहे, हे कळतं.

"सेट गेलो नाय," मी म्हटलं.  "कोणीतरी बटण दाबता हा."

मी माईक घेतला. "भगवती. मी हेमांगी. माझा आयकाक येता आसात तर बटण एकदाच दाबा. बोलू नकात. नुसता दाबा आणि सोडा."

मी बटण सोडलं. खरखर. खरखर. आणि मग ती थांबली, आणि परत सुरू झाली.

आईने तोंडातला पदर काढला. आपा मटकन खुर्चीत बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. काकी भिंतीपासून पुढे सरकल्या.

गुरूने मला नंतर सगळं सांगितलं. बोटीत पाणी शिरलं, मागचा अर्धा भाग खाली गेला. बॅटरी त्यांनी केबिनच्या टपावर बांधली म्हणून सेट जगला, पण माईक भिजून मुका झाला होता आणि एरियल वाकली होती. आमचं सगळं त्यांना ऐकू येत होतं. आईची हाक, काकींची हाक, आपांची, बोटवाल्यांची. उजाडल्यापासून तो पाणी उपसता उपसता मधूनमधून बटण दाबत होता. हाका ऐकून आधी धीर आला, तो म्हणाला, आणि मग इतका राग आला की वाटलं सेट उचलून पाण्यात टाकावा. तुम्ही थांबतच नव्हता.

पण हे नंतरचं. त्या घटकेला मला एवढंच माहीत होतं की बोलता न येणारं माणूस तिकडे आहे आणि त्याच्याजवळ फक्त एक बटण आहे.

"होय म्हणूचा आसात तर एकदा दाबा," मी म्हटलं. "नाय म्हणूचा आसात तर दोनदा. कळला?"

एकदा.

आपा डोळे पुसत उठले, म्हणाले आधी जागा विचार, गस्तवाल्यांना सांगायला हवी. तेच बरोबर होतं. ऑपरेटर म्हणून मी तेच विचारायला हवं होतं. पण बटण दाबल्यावर माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"चौघाय बरे आसास मा?"

खरखर थांबली. सुरू झाली. आणि पुन्हा थांबली.

 दोनदा म्हणजे काय, हे मीच नुकतं ठरवलं होतं.

"जागा इचार," आपा पुन्हा म्हणाले, पण या वेळी हळूच.

"जागा इचारतली ती," काकी म्हणाल्या. "आधी नावां घे. एकेकाचा."

मला कुणाच्याही तोंडाकडे बघवेना. मी कारवारच्या दोघांपासून सुरुवात केली. त्यांची माणसं तिथे नव्हती, म्हणून ती नावं घेणं सोपं होतं. आज ते आठवलं की बरं वाटत नाही. "हुसेन आसा?" एकदा. "गंगाधर?" एकदा.

आता दोनच नावं उरली होती आणि दोन्ही बायका माझ्या दोन बाजूंना होत्या. माझा अंगठा बटणावर होता आणि तो दाबला जात नव्हता. मी देवाला काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं. मी म्हणाले, गुरू असू दे. त्याचा दुसरा अर्थ काय होतो हे कळत असूनही म्हणाले.

"गुरूचा घे," काकी म्हणाल्या.

"काकी..."

"गुरूचा घे आधी. आई आसा तेची."

मी नाव घेतलं.  खरखर चालू राहिली, चालू राहिली, आणि थांबली. मी वाट बघितली, दुसऱ्यांदा थांबते का म्हणून. नाही थांबली. एकदाच.

आईने मोठ्याने हंबरडा फोडला. आनंदाचाच, पण तो अर्ध्यावरच तिने गिळला. तिने काकींकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबून धरला. बाकीचं आता विचारायची गरज नव्हती. सगळ्यांना समजलं होतं.

मी माईक खाली ठेवायला लागले तसा काकींनी माझा हात धरला.

"ह्यांचा ऱ्हवला."

"काकी, कित्या आता..."

"नाव घेतल्याशिवाय कसा कळतला? घे."

"दाजी आसत?" मी विचारलं.

खरखर थांबली. सुरू झाली. थांबली. दोन्ही वेळा ती शांतता लांबली होती. बटण दाबणाऱ्याचं बोट निघत नसावं.

काकींनी मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. त्यांनी मला परत विचारायला लावलं नाही. आईने त्यांच्याकडे हात पुढे केला, तो त्यांनी क्षणभर धरला आणि सोडला. "आता त्या पोरांका जागा इचार," त्या मला म्हणाल्या. "येळ घालवू नको." आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं घरी गेल्या.

मी कामाला लागले. आमचे मच्छीमार जागा सांगतात ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून, हा डोंगर त्या कळसावर आला म्हणजे आपण इथे. आपा एकेक खूण सांगत होते, मी विचारत होते. वेताळाचा डोंगर दिसतो? एकदा. त्याची मान, म्हणजे माथ्याखालची खाच, दिसते? दोनदा. म्हणजे दक्षिणेकडून बघतायत. दीपगृह दिसतं? एकदा. दीपगृह डोंगराच्या डावीकडे? या प्रश्नाला उत्तर आलं, पण इतकं पुसट की खरखर पुरती थांबलीच नाही, नुसती मऊ झाली. बॅटरी संपत आली होती. एकदा झाली की दोनदा, मला कळलं नाही. मी कान सेटला लावला.

तेव्हा बाहेरून हाक आली.

"आत्मारामाऽ!"

काकी धक्क्याच्या टोकाला उभ्या होत्या. खोलीची खिडकी बरोबर त्यांच्यावर उघडत होती. पदर वाऱ्यावर उडत होता, दोन्ही हात तोंडाशी धरले होते. माझ्या एका शब्दावर तोडलेली हाक त्यांनी पुन्हा धरली होती. सेटवर नाही, पाण्यावर. एक हाक विरायच्या आत दुसरी. एवढ्याशा बाईचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"गुरू, परत सांग. दीपगृह डोंगराच्या डावीकडे आसा?" मी विचारलं, आणि खरखर मऊ झाली, पण नेमक्या त्याच वेळी "आत्मारामाऽ" आत शिरलं आणि माझी मोजणी चुकली.

"आपा, खिडकी लावा."

आपांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"आई, तू लाव गे. माका आयकाक येणा नाय."

"माझ्यान होवचा नाय," आई म्हणाली. तिचा मुलगा तिकडे अर्ध्या बुडालेल्या बोटीवर होता, तरी ती जागची हलली नाही.

मग मीच उठले. खिडकीच्या दोन्ही फळ्या धरल्या, आणि माझे हात तिथेच राहिले. काकींना बहुतेक मी दिसले. त्यांनी मान वळवली. हाक तोंडातून निघालेलीच होती, ती त्यांनी मध्ये तोडली नाही. तशाच हाक मारता मारता त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. लाव, म्हणत होत्या. लाव, लाव.

मी खिडकी लावून घेतली आणि सेटपाशी येऊन बसले.